मागचं नाव

ब्लेडनं फुलाचा तळ उभा चिरला तेव्हा आतून दोन माश्या बाहेर आल्या. तिळाहूनही लहान, पण जिवंत. त्यांतली एक माझ्या ड्रॉइंगच्या कागदावर थोडी चालली, थांबली, पुढचे पाय एकमेकांवर घासत बसली. दुसरी चिरलेल्या फुलाच्या काठावरच राहिली. दार उघडलंय यावर तिचा विश्वास बसला नसावा.

"काय निघालं?" शेजारच्या आरामखुर्चीतून सरांनी विचारलं.

"माश्या, सर."

"माश्यांना जाऊ दे. केस बघ. केसांची दिशा?"

"खाली."

"सगळे?"

"सगळे. नळीच्या तोंडापासून फुगवट्यापर्यंत."

"म्हणजे आत जायला वाट, बाहेर यायला नाही." सर खूश झाले. डॉक्टर निरगुडकर खूश झाले की तळवे एकमेकांवर चोळत. "सेरोपेजिया! केरोस म्हणजे मेण आणि पेगे म्हणजे कारंजं. मेणाचं कारंजं. ज्यानं नाव ठेवलं त्यानं फूल नुसतं बाहेरून पाहिलं असणार. आतून पाहिलं असतं तर तुरुंग म्हणाला असता."

मराठीत आम्ही त्याला कंदीलपुष्प म्हणतो. पाकळ्यांची टोकं वर एकत्र जुळतात, मधे झरोके राहतात, खाली अरुंद नळी आणि तळाशी फुगवटा. वासाला भुललेली माशी झरोक्यातून आत शिरते, नळीत घसरते आणि उलट्या केसांमुळे तिला वर चढता येत नाही. पुढे केस सुकतात, फूल कलतं आणि अंगाला पराग चिकटलेली माशी सुटते, ती दुसऱ्या फुलात पडायला. हे सगळं मला पाठ होतं. तरी त्या दुपारी भिंगाखाली पाहून ते केस कागदावर एकेक करून काढताना हात जड झाला होता.

मी तेव्हा शैलजा बापट होते, आजही आहे. कोल्हापूरला सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. आदल्या वर्षी आंबोलीच्या एका कड्यावर मला हे कंदीलपुष्प सापडलं आणि वर्षभर पुस्तकं, हर्बेरियममधले वाळवलेले नमुने, सगळं धुंडाळल्यावर सर म्हणाले होते, "नवं आहे. नाव नसलेलं." नाव नसलेली वनस्पती सापडणं ही आमच्या धंद्यात जन्मात एखादवेळा होणारी गोष्ट.

ताज्या फुलावरून चित्र काढायचं म्हणून भाद्रपदात आम्ही आंबोलीला आलो. सरांनी तिथे दरवर्षीप्रमाणे घर भाड्यानं घेतलं होतं. बरोबर काकू होत्या आणि पुण्याहून चार दिवसांची रजा काढून आलेला त्यांचा मुलगा शशांक. आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी खाली घाटात दरड कोसळली आणि वर आजऱ्याच्या बाजूला पुलावरून पाणी वाहू लागलं. एस.टी. बंद, वीज बंद, पोस्टातला फोनही बंद. धुकं इतकं की अंगणातला तुळशीकट्टा दिसत नव्हता. खिडकीत जेवढा उजेड येई तेवढ्यात मी चित्र काढत होते. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यामुळे ते विचारत आणि मी पाहत असे.

"पानं वाढलीत," आतून काकूंनी हाक मारली.

जेवताना सर नेहमी झाडांच्या नावांच्या गोष्टी सांगत. त्या ऐकायला विद्यार्थी वर्गाबाहेरही त्यांच्या मागे फिरत. त्या दिवशी केन्याची गोष्ट होती. पावसाळ्यात कुंपणाकडेला उगवतो तो केना, निळ्या फुलांचा.

"कमेलिना," सर म्हणाले. "कमेलिन आडनावाचे तिघं होते. त्यांच्यावरून लिनियसनं नाव ठेवलं. का, माहितेय? फुलाला दोन पाकळ्या मोठ्या, ठसठशीत, आणि तिसरी बारकी, फिकट. तिघांपैकी दोघं नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ झाले. तिसरा काही करून दाखवायच्या आधीच वारला. बघ, नाव ठेवणारा किती बारीक बघतो!"

"नाव ठेवतो की नावं ठेवतो?" शशांक म्हणाला.

काकू हसल्या. सरही हसले. "तुला काय कळणार! तुझं वनस्पतिशास्त्र कोथिंबिरीपाशी संपतं."

"कोथिंबीर आणि मेथी. मेथी अलीकडेच शिकलो."

"बरं, ऐका." सरांनी पाण्याचा घोट घेतला. "आपल्या कंदीलपुष्पाचं नाव ठरलं. काल रात्री मनात पक्कं केलं." आणि वर्गात सांगावं तसं त्यांनी सावकाश सांगितलं, "सेरोपेजिया निरगुडकरिए."

शशांकचा घास हातातच राहिला. "बाबा! स्वतःचं नाव?"

"मूर्खा, स्वतःचं नाव कुणी स्वतः ठेवतं का? तसा नियम नाही, पण रीत नाही. शोभत नाही ते. नीट ऐक. पुरुषाच्या नावावरून असतं तर शेवटी डबल आय आला असता. निरगुडकरी. हे आय-ए-ई आहे. बाईच्या नावावरून."

"मग कुठल्या बाईच्या? आईच्या?"

सरांना खरंच हसू आलं. "आईचा काय संबंध? शैलजाच्या."

मी म्हणाले, "सर, माझं आडनाव बापट आहे."

"आज आहे. पेपर छापून यायला सहा महिने जातात." आणि ते तळवे चोळू लागले. "परवा फोन चालू होता तेव्हाच तुझ्या वडिलांशी बोललो. म्हणाले, 'सर, तुम्ही तिचे वडीलच आहात, मी काय वेगळं सांगणार?'"

काकू उठल्या आणि माझ्या ताटात शिरा वाढला. त्यात केळं घातलं होतं, प्रसादाला घालतात तसं. म्हणजे त्यांना सकाळपासून माहीत होतं. मी शशांककडे पाहिलं. तो पानातल्या मिठाकडे पाहत होता. त्याला माहीत असावं, पण हे असं, झाडाच्या नावातून बाहेर येईल हे माहीत नसावं.

"अगं, खा की," काकू म्हणाल्या. "लाजतेस काय!"

मी लाजत नव्हते. मी एका गोष्टीचा विचार करत होते.

"सर, पेपरचे लेखक?"

"मी. म्हणजे मी एकटाच." ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुझं नाव लेखकांत घालता येणार नाही ना आता. ज्याच्यावरून नाव ठेवलं तोच नाव ठेवणारा, हे कसं दिसेल? लोक हसतील. पण आभारात तुझा पहिला उल्लेख आहे. चित्र तुझं, नमुना तू गोळा केलेला, सगळं लिहिणार आहे मी. आणि प्रत्यक्ष झाडच तुझं झाल्यावर अजून काय हवं?"

"शिरा आवडला नाही का गं?" काकूंनी विचारलं.

"आवडला," मी म्हणाले आणि खाल्ला.

*

दुपारी शशांक ओसरीवर आला. मी लाकडी बाकावर बसून धुक्याकडे पाहत होते. तो जरा लांब, पायरीवर बसला.

"मला एक सांगा," तो म्हणाला, "जेवताना तुम्ही लग्नाबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. लेखक कोण ते विचारलंत. मी तेव्हापासून त्याचाच विचार करतोय. मला जरा अपमान झाल्यासारखंही वाटलं."

मला हसू आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

"झाडाच्या नावामागे एक नाव असतं," मी म्हणाले. "आधी वंश, मग जात आणि त्याच्या मागे ज्यानं ते जगाला सांगितलं त्याचं नाव. कुठल्याही पुस्तकात उघडून बघा. ते मागचं नाव म्हणजे या माणसानं हे पाहिलं, हे वेगळं आहे असं ओळखलं आणि त्याची जबाबदारी घेतली. मी ते झाड पाहिलं. इतर जातींपेक्षा वेगळं कशात आहे ते मी ओळखलं. सरांना आता दिसत नाही, तेव्हा..." मी थांबले. "मला झाडात जायचं नाही. मला झाडाच्या मागे उभं राहायचंय."

"आणि एकदा छापलं की?"

"संपलं. नाव चुकीचं असो, न शोभणारं असो, ज्याच्यावरून ठेवलं त्याला नको असो. बदलता येत नाही. पेरू देशात न उगवणाऱ्या एका झाडाचं नाव पेरूवरून पडलंय, दोनशे वर्षं तसंच आहे."

शशांक पायरीवरची शेवाळ काडीनं खरवडू लागला. "आमच्या घरातही तसंच आहे. बाबांनी एकदा सांगितलं की छापलं. मी इंजिनियर झालो तो असाच." मग मान न वळवता तो म्हणाला, "तुम्ही वाईट नाही आहात. म्हणजे... तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय ते. पण तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा. मला म्हणता येत नाही. मी फार तर चहा करायला उठून जाऊ शकतो."

"थिसिसवर सरांची सही व्हायचीय. दोनदा त्यांच्या शब्दावर माझी शिष्यवृत्ती वाढली. बाबांनी होकार दिलाय. फोन बंद, रस्ता बंद." मी हे सगळं एखाद्या झाडाची लक्षणं सांगावीत तसं सांगितलं. "आणि ते माझा मान करतायत. मान करणाऱ्याला नको कसं म्हणायचं, ते मला कुणी शिकवलं नाही."

"शिकवलं असतं तर मीही वर्गाला आलो असतो," शशांक म्हणाला.

मी आत आले तेव्हा सर खिडकीपाशी माझं अर्धवट चित्र डोळ्यांजवळ धरून उभे होते. त्यांना ते धूसर दिसत असणार. चाहूल लागताच त्यांनी ते खाली ठेवलं.

"शैलजा, माझ्या गुरूंच्या नावानं तीन वनस्पती आहेत," ते म्हणाले. "त्यांतली दोन नावं मी ठेवली. माझ्या वर्गातल्या देशपांड्याच्या नावानं एक शेवाळ आहे. मला चाळीस वर्षं झाली यात. निरगुडकर नावाचं गवतसुद्धा नाही कुठे." मग जणू बोलायचं नव्हतं ते बोलून गेल्यासारखे ते घाईनं म्हणाले, "अर्थात हे तुझ्यासाठी आहे. माझा त्यात काही... हे आपलं सहज आठवलं."

त्यावर रागवता आलं असतं तर सोपं झालं असतं. मला राग आला नाही. मला कळलं. आणि कळल्यावर जी उरलीसुरली फट होती तीही बुजली.

"उद्या चित्राखाली नाव लिहून टाक," ते म्हणाले. "पाणी ओसरतंय म्हणतात. पूल सुटला की शशांक पेपर घेऊन कोल्हापूरच्या पोस्टात टाकेल. तुझ्या घरच्यांनाही तोच भेटून येईल."

*

पावसाळ्यात नमुने वाळवणं हे मोठं काम असतं. दोन वर्तमानपत्रांत दाबलेलं झाड ओल धरतं, काळं पडतं, त्याला बुरशी येते. कागद रोज बदलावे लागतात आणि कोरडे कागद कुठून आणणार? निरगुडकरांच्या घरी ते काम काकूंकडे होतं. कोळशाची इस्त्री पेटवून त्या एकेक दमट वर्तमानपत्र इस्त्री करून वाळवत. मी कागद पुढे करत होते, त्या फिरवत होत्या. वाफेला जुन्या शाईचा आणि पाल्याचा वास येत होता.

"माझी ही इस्त्री किती झाडांवरून फिरली असेल," काकू म्हणाल्या. "लग्न होऊन आले त्या पावसाळ्यापासून. सासूबाई म्हणायच्या, कपड्यांना पण कर कधीतरी."

"तुम्हाला आवडायचं?"

"कुणी विचारलंय!" त्या हसल्या. "हे तुमचं कंदीलपुष्प म्हणजे आमची खर्चुडीच ना गं? माझ्या माहेरी कंद उकडून खायचो आम्ही. यांना सांगितलं तर ओरडले. म्हणाले, दुर्मिळ वनस्पती खाल्लीस! मला काय ठाऊक दुर्मिळ. भूक लागायची." त्यांनी कागद उलटा केला. "बरं, तुझं नाव बदलायचं की शैलजाच ठेवायचं, ते सांग हो. आमच्यात बदलतात. यांच्या मनात वनश्री आहे. मी म्हटलं, तिला विचारा तरी."

"तुमचं बदललं होतं?"

"बदललं म्हणजे! बोहल्यावरून उतरले, पाटावर बसवलं. ताटात तांदूळ पसरलेले. यांनी अंगठीनं लिहिलं, सुलोचना. मी बघत होते. मला आपलं वाटलं, कुणाचं नाव लिहितायत हे? मोठ्या जावेचं असेल. मग सगळ्यांनी मला हाक मारली. मी वळूनच पाहीना. सासूबाई म्हणाल्या, मुलगी बहिरी आहे का काय!"

त्या सांगत होत्या ती हसण्याची गोष्ट होती. पूर्वी कितीतरी वेळा सांगून गुळगुळीत झालेली असणार. आम्ही दोघीही हसलो. मग इस्त्रीतले कोळसे हलवत त्या म्हणाल्या, "ते यांचं काय ते असतं ना... एका झाडाला दोन नावं पडली तर?"

"तर आधीचं खरं. जे पहिल्यांदा छापलं गेलं ते. नंतरचं कितीही चांगलं असलं, कितीही मोठ्या माणसानं ठेवलं असलं, तरी ते नुसतं दुसरं नाव. पर्यायी."

"म्हणजे झाडांत माहेरचंच नाव खरं?"

"हो, काकू."

"झाडांचं बरंय," काकू म्हणाल्या आणि पुढचा कागद घेतला.

त्यानंतरचा कागद हातात धरून मी उभी राहिले. त्यांनी मागितला तरी दिला नाही.

"काकू, तुमचं पहिलं नाव काय होतं?"

त्यांनी सांगितलं. सांगताना दाराकडे पाहिलं, एखाद्या दुसऱ्याच मुलीचं गुपित सांगावं तसं. मी ते एकदा मोठ्यानं म्हटलं, त्यांनी ते ऐकलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"मला ते द्याल?" मी विचारलं. "मला हवंय. पण तुम्हाला नको असेल तर मी घेणार नाही."

माझं बोलणं त्यांना पूर्ण कळलं नसेल असं मला आधी वाटलं. पण त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या चित्राकडे, आणि मग ओसरीच्या दिशेनं, जिथून सरांचा खोकला ऐकू येत होता.

"शिरा खाल्लास तेव्हाच मला कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मीही असाच खाल्ला होता." आणि इस्त्री पुन्हा हातात घेऊन, "घे. पडूनच आहे ते. कुणी वापरत नाही."

*

सकाळी धुकं थोडं वर उचललं होतं. मी चित्र टेबलावर घेतलं. झाडाचा वेल, फूल, उभं चिरलेलं फूल, नळीतले केस, सगळं शाईनं झालं होतं. खाली नावाची जागा मोकळी होती. मी बारीक निबचं पेन भरलं. काळी चिनी शाई कागदावर वाळली की निघत नाही. खरवडून काढायला गेलं तर कागद फाटतो आणि चित्र नव्यानं करावं लागतं. त्यासाठी फुलं पुन्हा पुढच्या वर्षीच. हे मला माहीत होतं आणि सरांनाही. मी एकेक अक्षर लिहिलं.

सर चहाचा पेला घेऊन आले. "झालं?"

"झालं, सर."

त्यांनी पेला ठेवला, भिंग काढलं, कागद उजेडाकडे वळवला आणि वाचायला वेळ घेतला. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. शशांक दारात होता. काकू आतल्या उंबऱ्यापाशी भाजीची परात घेऊन बसल्या होत्या.

"सेरोपेजिया..." सर थांबले. भिंग पुढे-मागे केलं. "द्वारकाए? द्वारका?" ते रागावले नाहीत. त्यांना तर चूक सापडली होती आणि चूक सापडली की त्यांच्यातला मास्तर आधी जागा व्हायचा. "हे काय लिहिलंस? द्वारकेचा इथे संबंध काय, हे झाड गुजरातेत सापडतं का? आणि समजा गावाचं नाव असलं तरी शेवट चुकलाय. गाव असेल तर 'एन्सिस' हवं. द्वारकेन्सिस. 'ए-ई' बाईला लागतो."

"गाव नाही, सर," मी म्हणाले. "बाई आहे."

"बाई? कोण बाई?"

ते सांगणं माझं नव्हतं. सर माझ्याकडे पाहत राहिले, मग शशांककडे. शशांकनं खांदे उडवले. त्यालाही माहीत नव्हतं.

"कोण द्वारका?" सरांनी पुन्हा विचारलं.

"मी," काकू म्हणाल्या.

त्या उठल्या नाहीत. हातातली गवार मोडत होत्या, ती त्यांनी मोडून परातीत टाकली. "दामल्यांची द्वारका. तुम्हीच तर तांदळात पुसलंत ते."

मी सरांना पुष्कळदा पाहिलं होतं. परीक्षकांशी भांडताना, कड्यावर हात सुटता सुटता राहिला तेव्हा, डॉक्टरांनी डोळ्यांचं सांगितलं तेव्हा. असे पाहिले नव्हते. त्यांनी चष्मा काढला. बहुतेक त्यांना आठवत होतं. किंवा आठवत नव्हतं आणि हे त्यांना कळत होतं. त्यांना हजारो झाडांची नावं येत होती. कुणी ठेवली, कधी ठेवली, त्याआधी काय होतं, सगळं.

"लेखक आपण दोघं, सर," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बारीक निघाला, पण निघाला. "काकू लेखक नाहीत. त्यांच्या नावानं ठेवलं तर कुणी हसणार नाही. आणि व्युत्पत्तीत लिहिता येईल, की या प्रदेशातल्या वनस्पतींचे नमुने वाळवून टिकवण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं म्हणून. ते खरंच आहे."

"आणि दुसरं?" सर खिडकीकडे पाहत म्हणाले. "तुझ्या वडिलांना मी काय सांगू?"

"मी सांगेन, सर. पूल सुटला की जाऊन. माझं उत्तर नाही असं आहे."

शशांक मोठ्यानं म्हणाला, "चहा कुणाला हवाय का?" आणि कुणी हो म्हणायच्या आत आत गेला. पण उंबऱ्यापाशी थांबून वळला. "बाबा, माझंही तेच आहे. उत्तर. मला कालच सांगायचं होतं."

आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, आता ते कागद फाडतील. त्यांनी फाडला असता तर मी काहीच करू शकले नसते. पाणी अजून पुलावर होतं, सही अजून व्हायची होती आणि फूल तर सुकलंच होतं. कागद त्यांच्या हातात होता आणि ते अंगठ्यानं त्याची कड चाचपत होते, नमुना किती वाळलाय ते पाहावं तशी.

मग ते काकूंकडे वळले.

"डब्ल्यू घालायचा की व्ही?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"स्पेलिंगमध्ये. हिनं डब्ल्यू घातलाय. पुढे बदलता येणार नाही, म्हणून विचारतो. तुझं तू कसं लिहायचीस?"

काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पदरानं नाक पुसलं.

"डब्ल्यू," त्या म्हणाल्या. "इंग्रजी चौथीपर्यंत होते मी. डब्ल्यूच लिहायचे. वळणदार यायचा मला."

*

दुपारनंतर पुलावरचं पाणी उतरलं आणि आजऱ्याची गाडी सुटणार असल्याचं कळलं. काकूंनी गुळपोळ्या बांधून दिल्या. शशांकनं माझी बॅग स्टँडवर आणली आणि आता मेथीनंतर काय शिकावं असं विचारलं. मी शेपू सुचवला.

सरही आले होते. काठी टेकत, पायाखालची वाट चाचपत. हाताखाली लिफाफा होता. त्यात पेपर होता, चित्र होतं. तो शशांककडे न देता त्यांनी माझ्याकडे दिला.

"पहिलं पान पुन्हा टाइप करून घ्या," ते म्हणाले. "आणि नाव आधी तुमचं घाला. बापट, मग निरगुडकर. बी आधी येतो."

"हो, सर," मी म्हणाले.

गाडी आली, मी चढले, खिडकीची जागा मिळाली. खाली सर उभे होते. कुठल्या खिडकीत मी आहे ते त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी सगळ्या गाडीकडे पाहून हात केला. मी लिफाफा मांडीवर घट्ट धरला होता. पुलावर गाडी हळू झाली. दोन्ही बाजूंना गढूळ पाणी कठड्याच्या खालून चाललं होतं. तिथे मला लक्षात आलं, की पाच वर्षांत सरांनी मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं होतं.

पुढे डॉक्टरेट झाली, मी त्याच विभागात शिकवू लागले, सर असेपर्यंत त्यांच्याकडे जात राहिले. काकू दारातून हाक मारायच्या, "अगं शैला, ये!" आणि सर खुर्चीतून उठून म्हणायचे, "या. बसा."